सर्टिफाइड गाडीची डावी सीट

ज्याला हे खोटं वाटेल त्याने यवतमाळला यावं. गाडी आजही आमच्या अंगणात उभी असते. आर्णी रोडवर कोणालाही पोस्टातल्या मंजुषा मॅडमचं घर विचारावं, आणि स्वतः बसून बघावं.

फक्त समोर, डावीकडे बसू नये.

माझे मिस्टर यज्ञेश्वर ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतात. घरात भूतखेत हा शब्द निघाला की ते हसतात. म्हणजे हसायचे.

लोक अशा गोष्टींत अमावस्या शोधतात, मध्यरात्र शोधतात. माझ्या गोष्टीची सुरुवात झाली १६ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी, दुपारी पावणेबाराला, बाभुळगावच्या रस्त्यावर. ऊन मी म्हणत होतं.

पण त्याआधीचं सांगायला हवं. नाहीतर मी ही गाडी का घेतली ते कळायचं नाही.

मी जळकुकडी आहे. लपवून काय करू?

माझी धाकटी जाऊ भैरवी दातांची डॉक्टर आहे. एकाच प्लॉटवर आमची दोन घरं, मध्ये एक पेरूचं झाड. दसऱ्याला तिने आणि स्वानंद भाऊजींनी नवी कोरी पांढरी गाडी आणली. मी थोरली, म्हणून ओवाळायचा मान माझा. ओवाळताना मी मान खालीच ठेवली. लोकांना वाटलं, वहिनींना भरून आलं.

कसलं भरून आलं! ती त्या समोरच्या सीटवर बसली, भाऊजींनी तिच्या बाजूचं दार लावून दिलं, आणि माझ्या पोटात मिरची पडली.

अठरा वर्षांत ह्यांनी माझ्यासाठी कधी स्कूटरसुद्धा नीट थांबवली नव्हती. मी अर्धी बसते न बसते तोच निघायचे.

त्या दिवसापासून मी ह्यांच्या मागे लागले. गाडी हवी. तीच हवी. तिच्यापेक्षा वरचं मॉडेल हवं.

नवी परवडत नव्हती. मग कोणीतरी नागपूरच्या एका सर्टिफाइड जुन्या गाड्यांच्या शोरूमचं नाव सुचवलं. जानेवारीत गेलो. तिथे ती उभी होती. तशीच पांढरी. दोन वर्षं जुनी, वर उघडणारं काचेचं छप्पर. भैरवीच्या गाडीला ते नव्हतं.

सेल्समनने दीडशे तपासण्यांचा कागद दाखवला. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. इंजिन ठीक, ब्रेक ठीक, अपघात नाही, पाण्यात बुडालेली नाही, मालक एकच. वर एक वर्षाची वॉरंटी.

"मॅडम, नवीच समजा," तो म्हणाला.

मी समोर डावीकडे बसले. गुडघे डॅशबोर्डला लागले. सीट फारच पुढे ओढलेली होती.

"आधी कोणीतरी बुटकी बाई बसत असेल," हे हसत म्हणाले.

मी सीट मागे सरकवली. तेव्हा काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर भैरवीने गाडीला पूर्ण फेरी मारली. वर बघितलं. मला वाटलं, आता चेहरा पडेल. तर ती म्हणाली, "छान आहे हो ताई. सेकंडहँड ना?"

"सर्टिफाइड आहे," मी म्हटलं.

"हो, पण कोणीतरी वापरलेलीच ना."

त्या रात्री मी जेवले नाही.

आता तो रविवार.

बाभुळगावला ह्यांच्या मावसबहिणीकडे लग्न होतं. भैरवीची गाडी पुढे, आमची मागे. मंगल कार्यालयापाशी पोचता पोचता मी कपाळाला हात लावला. टिकली नव्हती! घामाने कुठेतरी पडली होती. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट नाही. समोर भैरवी उतरत होती, पैठणी, नथ, सगळं जागच्या जागी.

मी समोरच्या काचेवरची ऊन अडवायची झडप खाली केली. आतल्या आरशात बघायचं होतं.

आणि आरशाच्या कोपऱ्यात...

एक टिकली चिकटवलेली होती.

मरून रंगाची. छोटी. कडेने सोनेरी.

आपण बायका लावतोच की अशी. कपाळावरची काढायची आणि आरशाला चिकटवायची. आधीच्या बाईची असणार. दीडशे तपासण्यांत ती कोणाला दिसली नव्हती.

मी ती काढली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

दुसऱ्या बाईची टिकली. आमच्या आईने असलं काही पाहिलं असतं तर हातावर मारलं असतं. पण भैरवीसमोर मोकळ्या कपाळाने उतरायचं नव्हतं मला. बस, एवढंच डोक्यात होतं.

दोन वर्षांपूर्वीची टिकली, गोंद सुकायला हवा होता. पण ती अशी बसली, जशी आत्ताच पाकिटातून काढली.

जेवण झाल्यावर तोंड धुतलं तेव्हा ती मी काढून बेसिनमध्ये टाकली. पाण्याबरोबर गेलेली मी पाहिली.

परत निघालो. गाडी चालू झाली. मी अजून बेल्ट लावला नव्हता. एरवी ही गाडी बेल्टसाठी टिंग टिंग करून डोकं खाते.

त्या दिवशी...

आवाजच नाही.

समोर लाल दिवाही नाही. गाडीच्या मते माझ्या सीटवर कोणी बसलेलंच नव्हतं.

"बिघडली वाटतं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे कॉलेजहून एकटे आले. डाव्या सीटवर वहीसुद्धा नव्हती. आणि रस्ताभर टिंग... टिंग... टिंग...

शेवटी ह्यांनी गाडी बाजूला घेऊन रिकाम्या सीटला बेल्ट लावला.

घंटी थांबली.

मी अंगणात जाऊन झडप उघडली. टिकली आरशाच्या कोपऱ्यात होती. त्याच जागी.

मी नखाने खरवडून ती काढली, रॉकेल लावून आरसा पुसला. सकाळी पुन्हा होती.

ह्यांना दाखवली तर म्हणाले, "तूच लावत असशील आणि विसरत असशील."

आता वॉरंटीचं. त्या लोकांना मी दोष देणार नाही. आम्ही गाडी इथल्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथले किसनराव, तीस वर्षं काम केलेले जुने मेकॅनिक. त्यांनी सीटखालचा सेन्सर बदलला, वायरिंग बदललं, बेल्टचं लॉक बदललं. एक रुपया घेतला नाही. कागदावर लिहिलं होतं ते सगळं केलं.

मग तपासून बघितलं. किसनराव स्वतः डावीकडे बसले. टिंग टिंग. हे बसले. टिंग टिंग. सीटवर गव्हाचा तीस किलोचा कट्टा ठेवला. टिंग टिंग.

मी बसले.

शांतता.

"मॅडम, उतरा बरं. आता पुन्हा बसा."

तीनदा बसवलं मला. अडुसष्ट किलो वजन आहे माझं, गव्हाच्या कट्ट्यापेक्षा दुपटीहून जास्त. वर्कशॉपमधली सगळी माणसं कामं सोडून बघत होती.

किसनराव डोक्याला हात लावून उभे राहिले. "मले तं काहीच समजून नाही राह्यलं. सेन्सर तं नवा टाकला." मग हे ऑफिसात सही करायला गेले, तसा त्यांनी आवाज खाली केला. "मॅडम, गाडीतली मागच्या मालकाइची एखांदी वस्तू वापरली का तुमी?"

मी टिकलीचं सांगितलं.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"आमी बैल इकला तं दावं घरीच ठेवतो. देत नाही कोणाले. दाव्यासंगं मागचं सगळं जाते म्हणते. अन् तुमी तं कपाळाले लावली! कायले लावली जी?"

मी काय सांगणार होते? जावेसाठी?

त्यानंतर हे बदलत गेले.

हा माणूस गाडी चालवताना कधी बोलत नाही. आता फाटकातून गाडी आत यायची तेव्हा काच खाली असायची आणि आतून ह्यांचं हसणं ऐकू यायचं. इंजिन बंद झालं की हसणं बंद. उतरले की तोच मुका चेहरा. रोज सकाळी सीट पुढे ओढलेली. एसीची जाळी डावीकडे वळवलेली. आत मंद पावडरचा वास. मी पावडर लावत नाही.

माझ्या मनात काय आलं असेल? भूत नाही हो. बाई आली. जितीजागती. कॉलेजातली एखादी मॅडम, बुटकी, पावडर लावणारी.

एका बुधवारी अर्धी रजा टाकली. कॉलेजसमोरच्या रसवंतीत तोंडाला ओढणी बांधून बसले. चार वाजून दहा मिनिटांनी हे बाहेर आले. एकटेच.

गाडीपाशी गेले. आपल्या बाजूला नाही... डाव्या बाजूला.

दार उघडलं. धरून उभे राहिले.

कोणी पदर सावरून आत बसेपर्यंत थांबतात ना, तेवढा वेळ थांबले. मग हलकेच दार लावलं, वळसा घालून गेले आणि निघाले.

सीटवर कोणी नव्हतं. मी दहा पावलांवर होते.

मला आधी भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी जे आलं ते पोटातून आलं. अठरा वर्षांत माझ्यासाठी एकदा उघडलं नाही दार! एकदा! मी तिथेच, रसाचा ग्लास हातात धरून रडले.

गाडीच्या कप्प्यात तळाशी एक जुनं सर्व्हिसचं बिल सापडलं. त्यावर आधीच्या मालकांचा नंबर होता. पोस्टातूनच फोन लावला. मी गाडीचा नंबर सांगितला.



त्या गृहस्थांनी एकच विचारलं. "समोर कोण बसतं?"

"मी."

"ताई, मागे बसत जा. माझी बायको ऐकत नव्हती. ती समोरच बसायची."

"मग? त्यांना काय झालं?"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. आज तो नंबरच अस्तित्वात नाही म्हणते कंपनी.

मी ह्यांना म्हटलं, गाडी विकून टाकू. हात जोडले. हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी विकायची नाही."

"मला भीती वाटते हो."

"तुला हवी होती ना? आता आहे. वॉरंटी संपत आली, दोन वर्षं वाढवून घेतली मी."

मला न विचारता.

तेव्हापासून मी मागे बसते. मागे बसलं की काही होत नाही. ह्यांच्या डोक्याचा मागचा भाग बघत जायचं आणि यायचं. पाहुणीसारखं. लोक विचारतात, सर्टिफाइड गाडी घ्यावी का, वॉरंटीचा काही उपयोग होतो का. होतो. यंत्रात जे बिघडतं ते सगळं ते दुरुस्त करून देतात.

मागच्या आठवड्यात मी दोन दिवस आईकडे उमरखेडला गेले होते. एसटीने. मंगळवारी दुपारी परतले, बॅग आत ठेवली आणि पेरूच्या झाडाखाली कपडे वाळत घालायला आले. भैरवीला मी गेल्याचं माहीत नव्हतं, तिच्याकडे दवाखान्याच्या रंगाचं काम चालू होतं.

ती स्वतःहून जवळ आली.

"ताई, काल संध्याकाळी पोस्टल ग्राउंडपाशी मी तुम्हाला आवाज दिला. बघितलंसुद्धा नाही तुम्ही!"

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"काय दिसून राहिल्या होत्या तुम्ही समोर बसून! ती मरून साडी नवी आहे का? आणि दादा किती हसून बोलत होते हो तुमच्याशी. आमच्या ह्यांचं तर गाडीत बसलं की फोन सुरू. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. ती खाली बघायला लागली. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं.

ती जळत होती. माझ्यावर.

सव्वा वर्ष मी याचीच वाट पाहिली होती.

सांगायला हवं होतं. भैरवी, ती मी नव्हते गं, मी उमरखेडला होते. तोंडात आलंही होतं.

पण मी म्हटलं, "हो गं. घाईत होतो आम्ही."

खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. घरात येऊन चहा ठेवला. दूध उतू गेलं तेव्हा लक्षात आलं, मी काय बोलून बसले ते.

आज रविवार आहे. हे सकाळीच गाडी घेऊन गेलेत. कुठे ते सांगितलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून हे लिहितेय. समोर पेरूचं झाड, त्यापलीकडे भैरवीचं अंगण.

आत्ताच भाऊजी आपली गाडी धुवायला बाहेर आले. भैरवी दारात उभी राहून त्यांना म्हणाली, "दादा आणि ताई सकाळी सकाळी किती मजेत गेले बघा. आपणही जाऊ ना कुठे."

भाऊजींनी माझ्या खिडकीकडे बघितलं. मी हात हलवला. रिकाम्या खिडकीवरून जावी तशी त्यांची नजर पुढे गेली.

त्यांनी नळ सुरू केला आणि गाडी धुवायला घेतली.