उलटे आटे

चौथा मिक्सर मी काउंटरवर उताणा केला, तेव्हा टायवाल्या सेल्समनचा धीर सुटला.

"मॅडम, मिक्सर वरून बघतात."

"वरून सगळेच छान दिसतात," मी म्हटलं आणि पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला.

मागे कुणीतरी हसलं. दाबायचा प्रयत्न केला होता, पण जमलं नव्हतं. वळून पाहिलं तर दुकानाच्या कोपऱ्यात, दुरुस्तीच्या टेबलाशी, एक जण बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटं काळी, आणि डोळे... डोळ्यांचं राहू दे. मी मिक्सर घ्यायला आले होते.

आणि तो मिक्सर माझ्यासाठी गमतीचा विषय नव्हता. सहा वर्षं एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये राबून मी नोकरी सोडली होती. एका ऑफिसने माझे चाळीस डबे महिनाभर घेऊन बघायचं कबूल केलं होतं. पसंत पडले तर वर्षाचं काम, नाही तर नमस्कार. दादाने घराची मागची खोली दिली होती, तीही महिन्यापुरतीच. काम पक्कं झालं नाही तर तिथे भाडेकरू येणार, आणि मी पुन्हा कँटीनमध्ये, पुन्हा त्या खेकसणाऱ्या सुपरवायझरसमोर. ते मला मेले तरी नको होतं.

साठवलेल्या पैशांत मिक्सर, फ्रिज आणि शेगडी एकदाच येणार होती. एखादी रुसून बसली तर दुसरी आणायला दमडी नव्हती. कँटीनमध्ये मी बघितलं होतं ना — चकचकीत मशीन बंद पडायचं आणि कंपनीचा माणूस येऊन म्हणायचा, हे उघडतच नाही, नवीन घ्या. जी वस्तू उघडत नाही ती घ्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"त्या मिक्सरला स्क्रूच नाहीत," कोपऱ्यातला म्हणाला. "खालून चिकटवलाय."

"तू तुझं काम कर की," सेल्समन गुरगुरला.

"तेच करतोय. सहा महिन्यांनी हा माझ्याच टेबलावर येणार आहे, आणि मी काही करू शकणार नाहीये." मग माझ्याकडे बघून, "किती जणांचं वाटण?"

"चाळीस."

त्याने फडक्याला हात पुसले, उठला आणि सगळ्यात खालच्या फळीवरून धूळ बसलेला एक खोका काढला. आतला मिक्सर म्हणजे... काय सांगू. बसका, जाडजूड, आणि रंग असा की कुणी मुद्दाम निवडला असेल यावर विश्वास बसू नये.

"रंगावर जाऊ नका," तो म्हणाला.

"रंगाशी मला थोडंच लग्न करायचंय."

बोलून गेले आणि कान तापले. तो मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग काळजी नाही. स्वभावाने चांगला आहे. खाली चार साधे स्क्रू. आतले भाग कुठल्याही दुकानात मिळतात, बारा वर्षांत कंपनीने एकही बदललेला नाही. फक्त आवाज फार करतो."

"आमच्या घरात सगळेच करतात."

मग त्याने सेल्समनच्या नाकावर टिच्चून माझी बाकीची खरेदीही उलटीपालटी केली. काचेची शेगडी नको, साधी पत्र्याची घ्या. फ्रिज नवा नको, वापरलेला पण मोठा बघा, दाराचं रबर मी बदलून देतो. मिक्सरला ठरवल्यापेक्षा जास्त गेले, पण फ्रिजमध्ये ते भरून निघाले. निघताना त्याने खोक्यावर आपला नंबर लिहून दिला.

"काही बिघडलं तर फोन करा."

"आणि नाही बिघडलं तर?" हे मी का विचारलं, देव जाणे.

त्याने पेनाचं टोपण लावलं. "तर... वाट बघावी लागेल."

"कुणाला?"

"ते अजून ठरलेलं नाहीये," तो म्हणाला आणि टेबलाकडे वळला. त्याचे कान मात्र लाल झालेले मला दिसले.

डबे सुरू झाले. पहाटे उठायचं, भाज्या चिरायच्या, वाटण करायचं, डबे भरायचे. मिक्सर घर डोक्यावर घ्यायचा आणि वहिनी कानात कापूस घालून भात रांधायला मदत करायची. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. एक आठवडा झाला, दहा दिवस झाले... काहीही बिघडेना. असा राग आला मला त्या मशीनांचा.

अकराव्या दिवशी मी फ्रिजचा दिवा सैल केला आणि फोन लावला.

तो आला. दिवा पिळायला पाऊण तास लावला, दोन कप चहा प्यायला, पैसे घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात मी शेगडीच्या बटणाचा स्क्रू ढिला केला. या खेपेला त्याने बटण उजेडात धरलं आणि बराच वेळ निरखलं.

"घरात उंदीर दिसतोय," तो म्हणाला.

"उंदीर?"

"स्क्रू ड्रायव्हर वापरणारा. त्याच्या हत्याराचं टोक जरा तुटकं आहे, स्क्रूवर तिरका ओरखडा येतो." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "दुकानातल्या काउंटरवरही असाच एक आलाय."

दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "उंदराला औषध घालू का हो?"

"नको, राहू दे," तो म्हणाला. "बिचारा कुणाचं काही वाईट करत नाहीये."

तो गेल्यावर वहिनीने मला जे काही छळलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आणि मग महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी ऑफिसचे मोठे साहेब स्वतः माझा डबा खाऊन निर्णय घेणार होते. डबे साडेअकराला निघायचे. नऊ वाजता मी मिक्सरचं बटण दाबलं तर मोटार घरघरली, पण भांड्यातलं पातं जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं. तेच.

"आज खरंच बिघडलाय," मी फोनवर म्हटलं.

"हो हो," पलीकडून हसरा आवाज आला. "आलोच."

आला... आणि मी बघतच राहिले. इस्त्रीचा फिकट पिवळा शर्ट, चापून बसवलेला भांग, साबणाचा वास. आणि दोन्ही हात मोकळे.

"पिशवी कुठाय तुमची?"

"मला वाटलं..." त्याने मिक्सरकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. "पिशवी दुकानात आहे. दुकान साडेदहाला उघडतं."

रडू आलं मला. त्याच्यावर ओरडावंसंही वाटलं, पण कोणत्या तोंडाने? दोनदा खोटं बोलावणारी मीच. तिसऱ्यांदा तो नटून आला तर त्याचं काय चुकलं? पण रडत बसायला वेळ नव्हता, आणि कँटीनमध्ये मी परत जाणार नव्हते. काही झालं तरी नाही.

त्याने भांडं उचलून बाजूला ठेवलं आणि खालच्या खाचेत बोट फिरवलं. "कपलर झिजलाय. मोटार आणि भांडं जोडतो तो हा तुकडा. दुसरा मिळाला तर दहा मिनिटांचं काम."

"तुम्ही म्हणाला होतात, बारा वर्षांत एकही भाग बदलला नाही."

"हो. का?"

"वहिनी," मी हाक मारली, "तुझा जळालेला मिक्सर माळ्यावर आहे ना? याच कंपनीचा?"

स्टुलावर चढून मीच तो काढला. मोटार केव्हाच गेलेली, पण कपलर धडधाकट. माझा स्क्रू ड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातली पक्कड, एवढीच हत्यारं. आधी जुन्याच्या तळाचे चार स्क्रू मी काढले. तो नव्या शर्टानिशी फरशीवर बसला, आडव्या मिक्सरच्या तळातून मोटारीचा दांडा स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवला आणि म्हणाला, "आता वरून तुम्ही फिरवा. एकट्याने होत नाही हे."

मी पक्कड लावून जीव खाऊन फिरवलं. ढिम्म.

"कुठल्या बाजूला फिरवताय?"

"जगातले सगळे स्क्रू फिरतात त्या बाजूला."

"उलटं फिरवा. याचे आटे उलटे असतात. मोटारीच्या झटक्याने सुटू नये म्हणून."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"विचारलंत कुठे?"

एरवी मी याला चांगलं उत्तर दिलं असतं. पण त्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती, दांडा धरलेली बोटं पांढरी पडली होती, आणि तो माझ्याइतक्याच जिवावर उदार होऊन लढत होता. मी उलटं फिरवलं. कट् आवाज झाला आणि कपलर सुटला. मग नव्याचाही काढला, जुन्याचा त्यावर बसवला. मिक्सरने घर डोक्यावर घेतलं. इतका गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मग त्याने कांदे चिरले, झाकणं पुसली, डबे रिक्षात चढवले. अकरा चाळीसला रिक्षा निघाली. दहा मिनिटं उशीर.

दोन वाजता ऑफिसातून फोन आला. मी फक्त "हो... हो सर... हो" एवढंच म्हणत होते. फोन ठेवला आणि तिथेच फरशीवर बसले.

"काय झालं?" वहिनी धावत आली.

"वर्षाचं काम पक्कं. पुढच्या महिन्यापासून साठ डबे." आणि मी ढसाढसा रडले. वहिनी ही बातमी दादाला सांगायला पळाली. मुद्दामच पळाली, मला ठाऊक आहे.

त्याने पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला आणि समोर टेकला. शर्टावर तेलाचे, वाटणाचे, सगळ्याचे डाग.

"आता तुम्हाला सगळं येतं," तो हळूच म्हणाला. "मग मला कशाला बोलवाल?"

"दिवा मीच सैल केला होता."

"माहीत आहे."

"बटणही मीच."

"तेही माहीत आहे."

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "दुकानात हसलात तेव्हापासून. हे नुसतं सांगतेय, बिघडलेलं काही नाहीये."

तो पुन्हा तसाच हसला — या वेळी दाबायचा प्रयत्न न करता. "मी त्या दिवसापासून रोज फोन उघडून बघत होतो. आज शर्ट उगाच नव्हता घातला... हेच सांगायला आलो होतो. शर्ट मात्र गेला."

"जाऊ दे. उद्यापासून साधा घालून ये. रोज जेवायलाच यायचंय."

'ये' म्हणाले मी. 'या' नव्हे. त्याच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. पातेल्याच्या तळाशी दोघांपुरते चार घास उरले होते. त्याने ते पातेलं आमच्या दोघांच्या मध्ये ओढलं.

"येईन," तो म्हणाला. "तू वाढ."