वरच्या गल्लीची धार

रस्त्यात उघडा खड्डा आणि खड्ड्यात उलटा माणूस... पहिली भेट अशी झाली.

बालवाडीच्या बाई साबणांची टोपली घेऊन सकाळी घाईघाईनं निघाल्या होत्या. बाई म्हणजे वयानं फार नव्हे हं, जेमतेम बाविशीतली मुलगी. पण मुलं बाई म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे. दोन गल्ल्या जिथे फुटतात तिथे लोखंडी झाकण सरकवून कुणीतरी कमरेपर्यंत आत शिरलं होतं. बाहेर फक्त दोन पाय. बाई त्या पायांना अडखळल्या आणि साबण — सगळाच्या सगळा — खड्ड्यात.

"अगं आई गं!"

"आई नाही, मी आहे," खड्डा म्हणाला.

मग एक चेहरा वर आला. भुवयांपर्यंत चिखल, आणि दात असे पांढरे, की समोरच्या खिडकीतल्या आजींना उजाडल्यासारखं वाटून त्यांनी दिवा मालवला.

हा चावीवाला. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन तो रोज सकाळी खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवायचा. आधी वरच्या गल्लीला पाणी, मग ते बंद करून खालच्या गल्लीला. टाकीत असायचं तेवढंच असायचं. कुणाला किती, ते त्याच्या मनगटावर.

"साबण काढून देतो. बक्षीस काय?"

"आधी हात धुवा. बोटांच्या मधून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत."

"मुलांना म्हणे हात धरून शिकवता..."

"मुलं चार वर्षांची असतात."

"मी चौथीपर्यंत शिकलोय. फार फरक नाही."

बाई हसल्या नाहीत. म्हणजे, तिथे हसल्या नाहीत. वळणावर जाऊन हसल्या.

बाई वरच्या गल्लीत मावशीकडे राहायच्या. दुसऱ्या दिवशी त्या नळावर गेल्या, तर चावीवाला कोपऱ्यावर चावीला टेकून उभा. बाईंनी पाहिलं, त्यानं पाहिलं; बाईंनी बादलीत पाहिलं, त्यानं बाईंकडेच पाहिलं. आणि त्या नळावर होत्या तोवर त्याचा पाय काही जागचा हलेना.

हे बाईंच्या आधी गल्लीतल्या बायकांना कळलं. मग काय! बाईंना नळाशी अडकवून ठेवायची चढाओढ लागली. कुणी साबणाचा भाव विचारी, कुणी मुलाला दात कधी येतात ते विचारी; त्या मुलाला मिशी फुटली होती. धार अशी, की एका काकूंचं मांजर पोहायला शिकलं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

मग एकदा दोघांचं बिनसलं. टाकीतलं पाणी नळापर्यंत कसं येतं ते मुलांना दाखवायला बालवाडीत येतो, असं चावीवाला म्हणाला आणि विसरला. बाई फुगल्या, नळावर गेल्याच नाहीत. त्या दिवशी पाणी वेळेवर बंद! पलीकडचे काका अर्ध्या दाढीनं कामावर गेले.

मावशी तरातरा आत आली. "रुसायचं तर पाणी भरून झाल्यावर रुस ना, पोरी!"

संध्याकाळी चावीवाला बालवाडीच्या मागच्या दाराशी आला. दोन्ही हात पुढे केले. "बघा. नखांखालीसुद्धा."

बाईंनी हात हातात घेऊन तपासले. तपासणी बरीच लांबली.

"पास?" त्यानं हळूच विचारलं.

"अजून... एक बोट राहिलंय."

दिवस असे जात होते, आणि मावशी लग्नाचं बोलू लागली होती.

बालवाडीत स्वच्छ हातांच्या मुलाला बाई कपाळावर कागदी तारा चिकटवायच्या. हल्ली तारे वरच्या गल्लीच्याच कपाळावर. खालच्या गल्लीची मुलं काळी नखं मागे लपवून उभी राहायची. बाई रागवायच्या. मग त्यांतली काही येईनाशी झाली, आणि एक दिवस ठमीही आली नाही. ठमी म्हणजे सगळ्यांत मोठ्यानं गाणारी. बाई ताडताड पावलं टाकत तिच्या घरी गेल्या, ओठांवर बोलणी तयार ठेवून.

ठमीची आई पिशवीत पोरीचे कपडे भरत होती.

"दवाखान्यात आहे. जुलाब थांबेनात. सलाईन लावलंय."

"किती वेळा सांगितलं, हात धुऊन पाठवत जा—"

"कशानं?"

तिनं नळ सोडला. नळातून फुस्स आवाज आला, दोन थेंब पडले, मग नुसती हवा.

"नाल्याकडच्या डबक्यातलं आणतो आम्ही. तुम्ही तिकडे उभ्या असता तोवर तो चावी फिरवत नाही. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, बाई. तुमचं जुळू दे, आमची ना नाही. पण ते आमच्या बादलीतून कशाला?"

बाई सरळ खड्ड्यावर गेल्या.

"खालच्या गल्लीचं पाणी तोडलंस तू?"

"तोडलं नाही... जरा उशिरा सोडलं. तू उभी असायचीस ना."

"मी मागितलं होतं?"

"नाही," तो म्हणाला. "पण एवढं कुठून येतं, तेही कधी विचारलं नाहीस."



"उद्यापासून निम्मं निम्मं," बाई म्हणाल्या.

"करतो. आणि आपलं?"

तोवर त्या गेल्यासुद्धा.

निम्म्या पाण्यात वरची गल्ली महिनाभरही नांदली नाही. ज्यांनी बाईंना नळाशी धरून ठेवलं, त्याच बायका पाणीखात्याच्या कचेरीत गेल्या: चावीवाला पोरीबाळींकडे बघत बसतो, कामात लक्ष नाही. सगळ्यांच्या पुढे मावशी. त्याची बदली डोंगरापलीकडच्या मोठ्या टाकीवर झाली.

जायच्या दिवशी तो बालवाडीत आला. ठमी परतली होती. भिंतीला टेकून बसली होती, गाणं म्हणायचं त्राण नव्हतं.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तिथे गल्ल्याच नाहीत. नुसती टाकी. कुणाचं काढून तुला द्यायला नको."

"मला तू आवडतोस," बाई म्हणाल्या. "खड्ड्यातून वर आलास, तेव्हापासून. पण आता तू समोर आलास की... त्या नळाची फुस्स ऐकू येते मला."

"थांबेल ती. कधीतरी."

"थांबली तर येईन."

"आणि नाही थांबली?"

बाईंनी ठमीचा हात हातात घेतला आणि बोटांमधून साबण फिरवू लागल्या. फेस झाला, धुऊन झाला. वर पाहिलं, तेव्हा दारात कुणी नव्हतं.

नवा चावीवाला आला. तरुण. दुपारच्या आत गल्लीनं शोध लावला, की त्याचं लग्न अजून व्हायचंय. दुसऱ्या दिवशी पहाटेच मावशी कंगवा घेऊन उशाशी हजर.

"ऊठ पोरी, केस नीट कर. आणि नळाशी जरा पुढे उभी राहा, दिसशील अशी."

बाईंनी बादली उचलली आणि खालच्या गल्लीत गेल्या. तिथे रांग होती, धार बारीक होती. ठमीची आई रांगेत मध्यावर उभी होती. तिनं बाईंना पाहिलं, त्यांच्या बादलीला पाहिलं.

"शेवटी उभ्या राहा, बाई," ती म्हणाली.

बाई शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.