मिर्ताबाई सुट्टीवर असताना

बेल दाबून दाबून माझं बोट दुखायला लागलं, तेव्हा जिन्यातून कुणीतरी म्हणालं, "मिर्ताबाई नाहीयेत. मार्चपर्यंत समुद्रावर. मीही दरवर्षी विसरतो बघ."

फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, अख्ख्या ब्यूनस आयर्समध्ये एकही मानसतज्ज्ञ जागेवर सापडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी, मानसशास्त्राची विद्यार्थिनी, मिर्ताबाईंची जुनी पेशंट, विसरले! स्वतःचाच असा राग आला...

"मग आता मनातलं कुणाला सांगणार?" तो हसत म्हणाला. हा लाउतारो. भूगोलाचा मास्तर.

"भिंतीला!"

"भिंतीपेक्षा मी बरा. फी नाही घेत."

मग रोज दुपारी बागेत माझी परीक्षेची पुस्तकं आणि त्याचा कडू माते, म्हणजे इथला पाल्याचा चहा. एकाच नळीतून आळीपाळीनं प्यायचा. इथे सगळेच तसा पितात, त्यात काही नाही... काहीच नाही, असं मी मनाला बजावत राहिले.

"ऐक," मी वाचून दाखवलं, "आधी छाती धडधडते, मग मन तिला नाव देतं. आणि ते नाव चुकूही शकतं. झुलत्या पुलावर बाई भेटली, तर माणूस भीतीलाच प्रेम समजतो."

"आणि बागेत भेटली तर?"

"तर... ऊन लागलं असेल."

"मला मग फारच लागलंय, आइलेन."

मी पुस्तकात तोंड खुपसलं.

एका दुपारी तो म्हणाला, "दक्षिणेला, पार टोकाला, उश्वायाच्या शाळेत नोकरी मिळतेय. शुक्रवारी कळवायचंय. तू 'राहा' म्हणालीस तर नाही जाणार."

मी पुस्तक मिटलं. पण मानसतज्ज्ञ सुट्टीवर असताना मोठा निर्णय घ्यायचा नाही, हा आम्हा पेशंट लोकांचा नियमच.

"मिर्ताबाई सोमवारी येतील. त्यांना विचारून सांगते."

"त्या करणार आहेत का माझ्यावर प्रेम, तुझ्या वतीनं?"

तो थर्मास उचलून निघून गेला.

शुक्रवारी माझी तोंडी परीक्षा होती. प्राध्यापिकेनं विचारलं, "भावना कशासाठी असतात?"

"आपलं काय पणाला लागलंय," मी घडाघडा म्हणू लागले, "हे आपल्याला कळायच्या आधी शरीराला..."

आणि थांबले. अगं बाई! हात थंडगार, घसा कोरडा, छातीत नुसती धडधड. परीक्षेची भीती मला कधीच वाटत नाही.

"मॅडम, मला जायला हवं," म्हणून उठलेच.

त्याच्या घराकडे मी मुद्दाम सावकाश चालत गेले, धडधड धावल्यामुळे आहे अशी पळवाट नको म्हणून. तरी ती थांबेना, उलट वाढतच गेली. इतकी वर्षं मनाबद्दल वाचत होते, पण ते माझ्या आत एवढं प्रचंड असेल याची मला कल्पनाच नव्हती. भर रस्त्यात मला रडू आलं, आनंदानं.

त्यानं दार उघडलं. कानाला फोन.

"आज सोमवार आहे का?" फोनवर हात ठेवून त्यानं हळूच विचारलं.

"नाही, शुक्रवारच आहे. राहा... मला तू हवा आहेस."

तो फोनवरचा हात काढून म्हणाला, "माफ करा हं, मी येत नाहीये."