बंद विहिरीचा वास

त्या दुपारी खरं तर माझी ड्यूटी नव्हती. मैत्रिणीच्या बदली मी हॉस्पिटलच्या तळघरात, सीटी स्कॅनच्या खोलीत बसले होते... आणि तो आत आला. भुवयांवर पीठ, श्वास तोंडाने. बेकरीवाला.

“दोन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही,” तो म्हणाला. “पाव करपले की गिऱ्हाईक येऊन सांगतं.”

मला हसू आलं. त्यालाही. मग तो टेबलावर आडवा झाला आणि एकदम मान वळवून माझ्याकडे बघू लागला.

“इथे पाणी आहे का कुठे? झाकून ठेवलेल्या विहिरीसारखा वास येतोय... तुमच्या मागून.”

माझ्या मागे नुसती भिंत होती.

काचेआड जाऊन मी मशीन सुरू केलं. पडद्यावर त्याचं डोकं काप-काप उघडत गेलं. डावी नाकपुडी आणि गालाची पोकळी करड्या गाठीने गच्च भरली होती. नाकाचा मधला पडदा तिने पार उजवीकडे रेटला होता. हवेला जायला फटसुद्धा नव्हती. या नाकात कुठलाच वास शिरणं शक्य नव्हतं!

काचेतून मी पलीकडच्या त्या भिंतीकडे पाहिलं.

तुकडा तपासला, गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. पण मुळासकट काढली नाही तर ती पुन्हा वाढते, आणि मूळ डोळ्यालगतच्या हाडात होतं. सर्जनबाईंनी ऑपरेशनआधी आणखी एक स्कॅन मागवला.

या वेळी त्याने ताजा पाव आणला. “चव तुम्हीच सांगा. मला पाव काय नि पुठ्ठा काय!”

“आधी सांगा... आज आहे तो वास?”

त्याने माझ्या खांद्यापलीकडे पाहिलं. “आहे. जवळ सरकलाय.”

“घाबरवता काय हो? मुलींवर छाप पाडायची ही रीत असेल तर —”

“छाप पाडायची असती तर गुलाबाचा वास सांगितला असता.” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “ताई म्हणते, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. कुणालाच खरं वाटत नाही.”

“मला वाटतं,” मी म्हणाले... आणि मशीन सुरू करायला काचेआड पळाले.

ऑपरेशन चार तास चाललं. राहवेना म्हणून मी वर गेले. बाकावर त्याची ताई होती.

“तू कोण गं?”

“मी... स्कॅनवाली.”

“अस्सं! तरीच स्वारी स्कॅनला निघाली की दोनदा भांग पाडते.”

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. नाकातूनच दुर्बीण घालून गाठ पूर्ण काढली होती, मुळाचं हाड घासलं होतं. डोळा सुखरूप होता. ताईने माझा हात घट्ट धरला.

मी खाली आले, दार उघडलं... आणि थबकले. थंड, शेवाळलेला, कोंडलेल्या पाण्याचा वास. सगळे दिवे लावले. कुणी नव्हतं. मग तो वास रोज यायला लागला. रोज थोडा जवळ.

दीड महिन्याने बेकरीवाला दारात उभा राहिला. नाकाने श्वास घेत!

“स्पिरिट... नवं प्लास्टिक... आणि तुमचा साबण,” तो हरखून म्हणाला.

“आणि ते?”

“ते गेलं.”

“गेलं नाही हो,” मी म्हणाले. “मला येतंय. अगदी मानेपाशी.”

तो हसला नाही. भास असेल, असंही म्हणाला नाही. स्टूल ओढून तो माझ्या आणि भिंतीच्या मधे बसला.

“उद्याच तुझा स्कॅन काढायचा.”

“आणि काहीच निघालं नाही तर?”

“तर मी रोज दुपारी इथे येऊन बसेन. बेकरी ताई बघेल.” मग थांबून, हळूच — “तू आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून. पण तुझ्या मागे ते असताना कसं बोलणार?”

रडता रडता मी हसले. हो म्हणाले.

माझा स्कॅन स्वच्छ निघाला. लग्नाला आता वर्ष होत आलं. वास अजून येतो, कधीकधी घरीसुद्धा. मी नुसती त्याच्याकडे बघते. तो हातातलं काम टाकतो आणि माझ्या पाठीशी येऊन उभा राहतो.