मशीनचं तोंड

मोहाडीच्या हिरालालने बॅटरीवरची ड्रिल मशीन घेतली ती एका रविवारी, तुमसरच्या दुकानातून. बावीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. आजवर वायरची जुनी मशीनच वापरत आला होता. पण खेड्यात दारं बसवायला जावं तर लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून ही नवी. घरी आल्यावर अंगणात बसून त्याने सागवानाच्या तुकड्यात पहिलं भोक पाडलं. बिट सरळ आत गेलं, भुसा मऊ पडला. हिरालाल खूश झाला.

मग त्याला तो आवाज आला.

मोटारीच्या घरघरीखाली आणखी काहीतरी होतं. दबकं, लांबट. तीनदा लागोपाठ, मग खंड, मग एकदा. बटण सोडलं की बंद.

"बेअरिंग कोरडी असन," तो बायकोला म्हणाला.

सुमित्रा तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, जवळ येऊन कान दिला.

"हे बेअरिंग नाही जी. कोणीतरी कण्हून राहिलं असं वाटते."

हिरालाल हसला. सोमवारी कामावर न जाता तो मशीनमागे लागला. बिट काढून रिकामी फिरवली, आवाज होता. दुसरी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावली, तिच्यावरचे तिन्ही हिरवे दिवे लागले, तरी आवाज होता. स्क्रू काढून कव्हर उघडलं. गियरचे दात शाबूत, ग्रीस पुरेसं, कचऱ्याचा कण नाही. परत बंद करून कानाला लावली. तीन, खंड, एक.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. दात तुटला असता तर आवाज वेगाबरोबर बदलला असता. हा बदलत नव्हता. मशीन हळू फिरो की जोरात, कण्हणं आपल्याच गतीने चाललं होतं. हे त्याने सुमित्राला सांगितलं नाही.

मंगळवारी तो तुमसरला प्रफुल्लकडे गेला. प्रफुल्ल जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरायचा, मशिनी दुरुस्त करायचा. कानाचा पक्का माणूस. त्याने दहा मिनिटं फिरवून पाहिली.

"हिरालालभाऊ, मशीन एक नंबर हाये. तुमचे कान दाखवा कोणाले तरी."

हिरालालने स्वतः ऐकलं. खरंच काही नव्हतं. स्वच्छ मोटार. त्याला लाज वाटली. पण परतताना मोहाडीच्या स्टँडवर बसमधून उतरला आणि न राहवून बटण दाबलं. आवाज होता. पेरू विकणारी बाई त्याच्याकडे बघत राहिली.

बुधवारी सकाळी उलगडा झाला, निदान त्याला तसं वाटलं. मशीन हळू फिरवत तो सुमित्राकडे वळला आणि आवाज बारीक झाला. परत वळला, मोठा झाला. त्याने अंगणात खडूने गोल आखला, मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि जागीच हळूहळू फिरत गेला. जिथे आवाज सगळ्यात मोठा, तिथे थांबायचं. चारदा केलं. चारही वेळा मशीनचं तोंड एकाच बाजूला, विणकरांच्या मोहल्ल्याकडे. मग सुमित्राला करायला लावलं. तीही तिथेच थांबली.

"तिकडं कोणीतरी अडकलं असन," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "जा न जी, पाहून या."

अकराचं ऊन होतं. ओसरीवर बसलेली माणसं हसली, कोणी विचारलं, "कायचा शोध लावून राहिला?" हिरालाल मशीन कानाशी धरून चालत गेला. गल्लीगणिक आवाज वाढत होता. आता त्यात श्वास ऐकू येत होता, ओला, अडखळणारा. मोहल्ल्याच्या टोकाला, एका मातीच्या खोलीच्या मागच्या भिंतीसमोर, तो इतका मोठा झाला की हिरालालने मशीन कानापासून दूर धरली.

खोली लीलाबाईची होती. साठीची विधवा बाई. आत हातमागावर कोशाच्या रेशमी साड्या विणायची. आतून मागाची खटखट येत होती, एका लयीत.

हिरालालच्या जिवात जीव आला. बाई काम करत होती. कोणी अडकलं नव्हतं.

"काकू, बरं हाये ना?" त्याने खिडकीतून हाक मारली.

माग थांबला. "कोण, हिरालाल? थांब बाप्पा, आली." लीलाबाई मागावरून उठून खिडकीशी आली, गजांना धरून त्याच्याकडे पाहू लागली. "मशीन घेऊन काहून फिरून राहिला?"

"तुमाले काही आयकू येते का पाहा बरं." त्याने मशीन गजांजवळ नेली.

तिने कान लावला. कपाळावर आठी पडली.

"हे तं..." ती म्हणाली.

आणि भिंत बसली.

पाऊस नव्हता. वारा नव्हता. भिंत नुसती खाली बसली, खिडकीसकट, लीलाबाईसकट. धूळ त्याच्या तोंडात गेली. मागं सरताना तो पडला आणि मशीन हातातून सुटून लांब गेली.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही.

मग मातीखालून आवाज आला.

तीनदा लागोपाठ. खंड. एकदा.

मशीन बाजूला गप्प पडली होती.

शेजारचा डोमा धावत आला. दोघांनी हातांनी माती उपसली. हिरालालची नखं उलटली. लीलाबाई जिवंत निघाली, कमरेचं हाड मोडलेलं. भंडाऱ्याला नेईपर्यंत ती तशीच कण्हत होती, आणि हिरालाल गाडीत कानांवर हात दाबून बसला होता.

पाचव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. लीलाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. छताकडे बघत ती म्हणाली, "माह्या मागाले धक्का नाही लागला म्हणते डोमा. तू हाक नसती मारली, तं मी तिथंच बसून राहिली असती."

हिरालालने तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि उठला.

घरी येऊन त्याने, डोमाने आणून दिलेल्या मशीनचं एकदाच बटण दाबलं. स्वच्छ मोटार. त्याने मशीन पेटीत घातली, पेटी फळीवर सारली आणि पुन्हा वायरची घेऊन कामाला जाऊ लागला. सुमित्राशी तो त्या विषयावर बोलला नाही. तिनेही काढला नाही.

महिनाभराने एका दुपारी तो जेवायला लवकर आला. चपला काढून दारात आला आणि जागीच थांबला.

सुमित्रा खोलीच्या मधोमध पाठमोरी उभी होती. पेटी उघडी पडली होती. मशीन तिने कानाजवळ धरली होती आणि ती हळूहळू फिरत होती, अंगणात त्याने शिकवलं होतं तशी. चुलीवरून फळीकडे. फळीवरून खिडकीकडे. आता तिचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले होते. मशीनचं तोंड भिंतीवरून सरकत दाराशी आलं.

तिथे ती थांबली.

जरा मागं गेली. परत तिथेच आली.

तिने डोळे उघडले आणि समोर त्याला पाहिलं. बोट बटणावरून सुटलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही जी," ती म्हणाली. "बॅटरी उतरली. हात धुवा, वाढते."

तिने मशीन खाली ठेवली. बॅटरीवरचे तिन्ही हिरवे दिवे लागलेले होते.