दहावा बिल्ला

"गाईच्या कानात बिल्ला नाही, तर मदत नाही," मदत कार्यालयाचे साहेब म्हणाले. "खात्याचीच चूक असेल तर नियमात सूट आहे. पण खातं कधी चुकलंय का?"

तपासाला बोलावलेल्या बाई हसल्या. त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर, हेही वाक्य वहीत टिपून मोकळे झाले.

थंडीच्या लाटेत एका गोठेवालीच्या दहापैकी नऊ गाई एका रात्रीत गेल्या होत्या. पुराव्यासाठी बिल्ल्यांसकट नऊ कान मिठात घालून कार्यालयात आले. मात्र कार्यालयाच्या पेटीतून दहा कोरे बिल्ले नाहीसे झाले होते, आणि त्यांतलेच नऊ या कानांत निघाले. गोठेवालीचा दीर तिथेच शिपाई होता.

"दिरानेच चोरले," साहेब म्हणाले. "तो तुरुंगात जाईल. वहिनीला मदत नाही. शेवटची गाय विकून ती गोठा बंद करेल."

बाईंनी एकेक कान निरखला. भोकांच्या कडा स्वच्छ होत्या, खपलीचा मागमूस नव्हता. प्रत्येक भोक दोन शिरांच्या बरोबर मध्ये. त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानातल्याकडे गेला.

"किल्ली माझ्याकडे असते," दीर म्हणाला. "डॉक्टरांनी मागितली की मी पेटी उघडतो. पण बिल्ल्याचा चिमटा मी कधी धरला नाही. रक्त दिसलं की मला घेरी येते."

खात्याचे गुरांचे डॉक्टर नजर चुकवत म्हणाले, "बिल्ले मी दोन वर्षांपूर्वीच मारलेत. नोंद राहून गेली."

गोठेवाली एवढंच बोलली, "बिल्ल्यांचं डॉक्टरांना विचारा. माझ्या गाई मेल्या, हे खरं आहे."

बाई गोठ्यावर गेल्या, तेव्हा गोठेवालीच्या उरलेल्या गाईचा कान सुजलेला दिसला. बिल्ल्याभोवतीची खपली अजून ओली होती. गोठ्याच्या दारावर खडूने लिहिलं होतं, 'डॉक्टर येणार', आणि खाली थंडीच्या आधीच्या तीन तारखा. तिन्ही खोडलेल्या.

बाईंनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"हा बघा दहावा बिल्ला. जखम ताजी आहे, म्हणजे दोन वर्षांपूर्वीची गोष्ट खोटी."

"मग मेलेल्या कानांना खपली का नाही?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"अहो, माझे कान टोचले तेव्हा आठवडाभर ठणकत होते. मेलेल्या कानाला खपली धरत नाही. गाई गेल्यावर बिल्ले मारले गेले. शिरा चुकवणारा हात शिकलेला, आणि रक्ताला भिणारा तर नक्कीच नाही. डॉक्टर, पंचनाम्याला आलात तेव्हाच ना?"

डॉक्टर खाली बसले.

"हिने मला बिल्ले मारायला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा मी मोठ्या फार्मवर गेलो. त्या सकाळी नऊ गाई आडव्या बघितल्या आणि लाज वाटली. निदान मदत तरी मिळावी म्हणून बिल्ले मारले."

"म्हणजे फसवणूकच," साहेब म्हणाले. "दावा रद्द!"

"पोस्टमास्तर, साहेबांचं दुसरं वाक्य वाचा," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा सावरला. "खात्याचीच चूक असेल तर नियमात सूट आहे..."

साहेबांनी दारावरच्या तारखांकडे बघितलं आणि दाव्याची फाईल पुन्हा उघडली.

डॉक्टरांनी कागद मागितला. "लिहून देतो. बिल्ले मी घेतले. तीन वेळा आलो नाही, तेही माझंच. नोकरी जाईल, जाऊ दे."

गोठेवालीने उरलेल्या गाईचा कान त्यांच्यापुढे धरला.

"हिचा कान चिघळलाय डॉक्टर. उद्या येता?"

"येतो."

तिने खडू उचलला आणि चौथी तारीख लिहिली.

ती तारीख अजून दारावर आहे. खोडायची वेळ आली नाही.