शोभाताईंच्या हातची वडी

बेसा वस्तीतल्या त्या स्वयंपाकघरात हिवाळ्यातले ऊन कधी घाईने येत नसे. आधी ते खिडकीच्या गजांवर रेंगाळे, मग ओट्याच्या काठाकाठाने परातीतल्या बेसनापर्यंत पोचे, आणि धुऊन पसरलेल्या हिरव्या सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, थेंबाथेंबाने उजळत बसे. हर्षित ते रोज गुमान पाहत राही.

त्याची आई, शोभाताई, हळूहळू सारे विसरत चालली होती. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा यंत्रांना शिकवण्याचेच काम करणाऱ्या हर्षितने ठरवले, निदान तिच्या हातची सांबारवडी तरी वाचवायची. हात पाहून यंत्र नुसती नक्कल करते. हात चालवणारा मेंदू वाचता आला, तर ते खरोखर शिकेल. म्हणून रोज सकाळी तो तिच्या डोक्यावर तारांची टोपी चढवी, आणि ओट्यावरचा रबरी बोटांचा यांत्रिक हात तिच्या मेंदूतले संकेत टिपत राही.

"काहून गा हर्षित," पहिल्या दिवशी ती हसली होती, "या वयात मुंडावळ्या बांधून राहिला का मले?"

"बांध, बांध," पेपराआडून वडील गोपाळराव म्हणाले होते. "नवरदेव मात्र मीच पाहिजे!"

यंत्र पोळी लाटायला शिकले. त्या दिवसापासून लाटणे कशासाठी असते, हेच आईला कळेना. यंत्राला सारणाचा अंदाज आला. आईने मिठाच्या जागी साखर घातली. आजार वाढतो आहे, असे हर्षित स्वतःला बजावत राहिला.

आज यंत्राने पहिली वडी वळली. कडा दुमडून, अंगठ्याने हलकेच दाबून. थेट तिच्यासारखी.

आईचे हात परातीवर थांबले. "आता काय करू?"

हर्षित झटकन पुढे झाला. त्याने तिची टोपी काढली. यंत्राची वायर उपटली.

तरीही रबरी हात उचलला गेला.

तो हर्षितच्या गालापर्यंत आला. तिथे लागलेले बेसन त्याने अंगठ्याने पुसले. मग कपाळावरचे केस अलगद मागे सारले.

लहानपणी तो शाळेत निघताना आई असेच करी. यंत्राला हे कुणीच शिकवले नव्हते.

बोटे कोमट होती.

आई भिंतीकडे सरकली. "अहो," ती गोपाळरावांना हळूच म्हणाली, "हा पोट्टा कोणाचा आहे? सकाळीच आला. त्याले चहा तरी विचारा."

गोपाळरावांच्या हातून पेपर गळून पडला.

कालही तिने हेच विचारले होते, खुद्द हर्षितलाच. त्याने ते नीट ऐकले होते, आणि काम चालू ठेवले होते.